पहिल्या गुरुवारचा फोन

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. सकाळी अकराच्या सुमाराला कुरियरने लिफाफा आला. सरोज तीळ भाजत होती, म्हणून दार मी उघडलं. पाकिटावर बेटाचा शिक्का. साडेसहा वर्षं होत आली, तरी त्या बेटाचं नाव मी तोंडाने घेत नाही. घरात 'बेट' म्हटलं की पुरतं.

खोलीत जाऊन दोनदा वाचलं. हे बेट युरोपातल्या एका देशाच्या ताब्यात आहे. त्या देशात फाशी केव्हाच बंद झाली, बेटावर मात्र जुना कायदा तसाच राहिला. आता तो देश म्हणतो, आमच्या झेंड्याखाली कुठेच फाशी नको, समुद्रापलीकडच्या मुलखातही नको. बेटाचा कारभार बघणारं मंडळ म्हणतं, आमचं आम्ही ठरवू. म्हणून तिघांचा आयोग नेमलाय. बेटाच्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेले दोनच कैदी आहेत. त्यांनी ज्यांना मारलं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आयोग ऐकून घेणार. आमची तारीख २७ मार्च, व्हिडिओवरून.

त्या दोघांतला एक प्रीतम तानाजी शिंगोटे. आमच्या सलिलला मारणारा.

सरोजला सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"तुम्ही काय सांगणार?"

"काय म्हणजे? झालेली शिक्षा कायम ठेवा. दुसरं काय?"

"बोलण्यात तीळ करपले बघा," ती म्हणाली. करपले नव्हते. तीस-बत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात नमुने तपासले, करपल्याचा वास मला कळतो.

तिथे रोज लॉगबुक लिहायचो. आयोगापुढे काही राहून जायला नको म्हणून आजपासून ही वही.

१६ जानेवारी, गुरुवार

प्राचीचा फोन. कोपरीला राहते, पण मन सगळं इथे. "बाबा, तुम्ही परत ते पेपर काढलेत ना? आईने सांगितलं. कशाला पण? त्यांना काय करायचंय ते करू देत. आईचं बीपी बघा जरा."

म्हटलं, तुझ्या भावाचा विषय आहे.

"माहितीये बाबा. माझाच भाऊ होता तो." मग तिने विचारलं, जेवलात का. साडेचार वाजले होते.

२१ जानेवारी, मंगळवार

निवेदनाचा पहिला मसुदा. अर्ध्या पानावर थांबलो. घडलेलं एकदा सलग लिहून काढतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

सलिल हरिहर उपासनी, वय चौतीस, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. जहाज दुरुस्तीसाठी बेटाच्या गोदीत लागलं होतं. प्रीतम त्याच्या हाताखाली फिटर. ठाकुर्लीचा, म्हणजे आमच्या डोंबिवलीपासून एक स्टेशन. १२ सप्टेंबर २०१८ च्या सकाळी त्याने इंजिनरूममध्ये सलिलच्या डोक्यात पाना घातला. तीन घाव. गोदी बेटाची, म्हणून खटलाही तिथेच चालला.

निकालपत्र एकशे चार पानांचं. पान ६१ वर बचावाचं म्हणणं आहे. प्रीतमचा बाप अत्यवस्थ होता, त्याने घरी सोडा म्हणून विनवलं, आणि सेकंड इंजिनिअरने शेरा मारला की इंजिन उघडलेलं आहे, माणूस सोडता येत नाही. बाप गेला. पुढे तीन दिवसांनी हे. न्यायाधीशांनी ती सबब मानली नाही. मानू नयेच. शिस्त म्हणजे गुन्हा नव्हे.

सलिल माझ्या तालमीत वाढलेला. त्याच सुमाराला फोनवर विचारत होता, "बाबा, काम अर्धवट उघडं आहे आणि एक जण घरी जायचं म्हणतोय. तुम्ही काय केलं असतंत?" मी म्हटलं, एकाला सोडलंस की उद्या दहा जण दारात उभे राहतील. चौतिसाव्या वर्षीही तो बापाचं मत घ्यायचा. अशी मुलं आता किती असतात?

हात दुखला. बास.

२ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची सभा. विषय पाण्याच्या टाकीचा होता, पण वरच्या मजल्यावरच्या सुधीरने शेवटी माझा विषय काढला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. मीच बोललो असेन.

"काकांच्या मागे आपण सगळे उभे राहिलो पाहिजे. बाहेरचा देश येऊन सांगतो फाशी रद्द करा, म्हणजे काय? आपल्या माणसाचा जीव गेलाय. सह्या घेऊ या आपण. पाचशे सह्या पाठवू."

टाळ्या पडल्या. मला बरं वाटायला हवं होतं. जिना चढून वर आलो तर सरोज खिडकीत उभी. सगळं ऐकू आलं असणार.

"काय म्हणाले?"

"सह्या गोळा करणार आहेत."

"टाकीचं काय झालं?"

टाकीचं काहीच ठरलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सरोज ज्येष्ठ नागरिक संघात पुस्तकवाचनाला जाते. साडेचारला निघते, सातच्या आत परत. दोन वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. तापात असतानासुद्धा गेली होती. म्हातारपणी माणसाला असं काही लागतं. मला बरं वाटतं. आज जाताना डब्यात तिळाच्या वड्या घेतल्या.

परत आली तेव्हा चेहरा ओढलेला. विचारलं, काय वाचलं? म्हणाली, प्रवासवर्णन.

जेवताना एकदम म्हणाली, "सलिल जहाजावर भरीत करायचा. वांगं मिळालं की सगळ्यांसाठी. तुम्हाला माहीत होतं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आठवलं आपलं."

नवल आहे. घरी त्याने कधी गॅससुद्धा पेटवला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेटवर फ्लेक्स लागलाय. सुधीरने लावला. सलिलचा गणवेशातला फोटो, खाली मोठ्या लाल अक्षरांत 'न्याय हवा! फाशी कायम ठेवा!' आणि त्याखाली सोसायटीतल्या अकरा जणांचे हसरे फोटो.

नाव 'सलील' छापलंय. ल ला दीर्घ वेलांटी. आम्ही बारशालाच ऱ्हस्व ठरवली होती. शाळेत, पासपोर्टवर, मृत्यूच्या दाखल्यावर सगळीकडे ऱ्हस्व.

सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "काका, भावना महत्त्वाची. आता परत प्रिंट काढायचा म्हणजे दोन दिवस जातील."

दूध आणायला मी आता मागच्या फाटकातून जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौथा मसुदा. 'शिक्षा कायम ठेवावी' इथपर्यंत येतो आणि पुढे कारण लिहायचं तर शब्द सुचत नाहीत. कारण उघड आहे, म्हणून सुचत नसेल.

झोप बरी नाही. पाय जड.

६ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सरोज साडेचारला गेली. पाच वाजता मी खाली पेपर आणायला उतरलो आणि दार मागून लागलं. किल्ली आत. संघ दहा मिनिटांवर, म्हणून तिची किल्ली घ्यायला तिकडे गेलो. वाचनाची खोली बंद. टेबलाशी श्रीपाद बसले होते, ते संघाचं ग्रंथालय बघतात.

"वाचन? ते तर बुधवारी असतं. आणि वहिनींना येऊन दोन वर्षं झाली असतील. बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत म्हणालो आणि घरी येऊन जिन्यावर बसलो. येणारे-जाणारे विचारत होते, किल्ली विसरलात का काका. होय म्हणत होतो. पावणेसातला ती आली. मला पायरीवर बघितलं आणि तिला कळलं. तिने दार उघडलं, चप्पल जागेवर ठेवली, पाणी प्यायली.

"ठाकुर्लीला जाते मी," ती म्हणाली. "रखमाबाईंकडे."

मला नाव लगेच लागलं नाही.

"प्रीतमची आई."

मी खुर्चीत बसलो. ती उभीच.

"दोन वर्षांपूर्वी आपल्या फाटकाशी येऊन उभ्या होत्या त्या. तुम्ही वॉचमनला हाकलायला सांगितलंत. मी मागून रिक्षा स्टँडपर्यंत गेले. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी साडेपाचला तुरुंगातून त्यांना फोन येतो. दहा मिनिटं. त्यातली पाच त्या मला देतात."

"तू त्या माणसाशी बोलतेस?"

"हो."

"ज्याने आपल्या..."

"त्याने मारलं ते मला माहीत आहे हो. दर वेळी फोन हातात घेताना माहीत असतं. पहिल्यांदा तर मी त्याला शिव्याच दिल्या. पाचही मिनिटं. तो ऐकत राहिला." आता ती बसली. "पण सलिलबरोबर शेवटचे चौदा महिने कोण होतं? तुम्ही नव्हतात, मी नव्हते. तो काय खायचा, कशाला हसायचा, डोकं दुखलं की काय करायचा, हे त्या मुलाला माहीत आहे. दुसरं कोणीच सांगत नाही. कंपनीने एक पेटी पाठवली, त्यात बूट होते. त्याला लटकवलंत की तेही संपलं."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. चांगलं नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तसं बोललो नव्हतो.

शेवटी ती म्हणाली, "रजेचं विचारलं तेव्हा सलिल त्याला म्हणाला होता, थांब, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी येऊन नाही म्हणाला. कोणाला विचारलं असेल हो?"

"कॅप्टनला," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाला विचारणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पोळ्या करायला उठली.

९ मार्च, रविवार

बोलणं बंद. चहाचा कप टेबलावर येतो, मी पितो.

कॅप्टनलाच विचारलं असेल.

१६ मार्च, रविवार

ठाकुर्लीला जाऊन आलो. सरोजला सांगितलं नाही. तिच्या वहीतून पत्ता घेतला. रिक्षाने गेलो.

चोळेगावच्या अलीकडे जुनी चाळ, तळमजल्याची शेवटची खोली. वाटेत सगळी उत्तरं तयार केली होती. ती रडेल, पाया पडेल, पोराला वाचवा म्हणेल. मी म्हणणार होतो, बाई, ते माझ्या हातात नाही, आणि असतं तरी केलं नसतं.

रखमाबाई बारीक, काळ्यासावळ्या, साठीच्या पुढच्या. केटररसाठी पोळ्या लाटतात. मी नाव सांगितलं तेव्हा हाताला पीठ होतं. पदराने खुर्ची पुसली.

"बसा. बाई बऱ्या हायेत ना?"

बऱ्या आहेत म्हटलं.

"गुरवारी आल्या तवा दमल्यावानी दिसत हुत्या. जिना चढवत नसंल आता."

त्या परत पोळपाटाशी बसल्या. तीनशे पोळ्या एकपर्यंत द्यायच्या होत्या. मी वाट बघत होतो. त्या लाटत होत्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, प्लॅस्टिकचा हार. खाली तारीख. मला तारखा वाचायची सवय. ९ सप्टेंबर २०१८.

माझी नजर कुठे आहे ते त्यांनी बघितलं. "तीन दिस एकच इचारत हुते, पोरगं निघालं का. मी म्हनायची, निघालंय, इमानात बसलंय. काय सांगनार? तसंच गेले. त्यांच्यापुरतं निघालंच म्हना की."

मी बराच वेळ बसलो. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही मला काही मागत का नाही?"

त्यांनी लाटणं थांबवलं. "काय मागू? तुमचं गेलंय त्ये मला देता येत न्हाई. आन माझं हाय का गेलं, त्ये सात वरसं मलाच कळंना झालंय. रोज उठते आन इचार करते, आज हाय का? देवाला हात जोडायचे तर कशासाटी जोडायचे त्ये बी कळत न्हाई." मग म्हणाल्या, "फाशी द्या न्हाईतर ठिवा. मी दमले बघा."

चहा प्यायलो. नको म्हणायचं ठरवलं होतं. दारात त्यांनी केटररच्या ढिगातल्या चार पोळ्या कागदात बांधून दिल्या. बाईंना द्या म्हणाल्या.

घरी आल्यावर टेबलावर ठेवल्या. सरोजने कागद उघडला, घडी बघितली आणि ओळखल्या. दोघांनी जेवताना खाल्ल्या.

२७ मार्च, गुरुवार

सरोज आणि मी प्राचीकडे कोपरीला गेलो, तिच्याकडे इंटरनेट चांगलं आहे. तिने मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. संध्याकाळी सात, बेटावर सकाळ. पडद्यावर तिघे. मधल्या बाई अध्यक्ष, पांढरे केस. त्यांच्या मागे उघडी खिडकी, झाडं हलत होती. इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं.

दोन पानं इंग्रजीत लिहून नेली होती. पहिलं सलिलबद्दल. ते वाचलं. शाळा, कॉलेज, पहिलं जहाज. भरीत करायचा हेही शेवटच्या क्षणी घातलं होतं. त्याचा इंग्रजी शब्द प्राचीने दिला.

दुसऱ्या पानाची पहिली ओळ 'शिक्षा कायम ठेवावी'. तिथे अडलो. पाणी प्यायलो. परत सुरू केलं, परत तेच. अध्यक्षबाई म्हणाल्या, घाई नाही.

मग मी कागद खाली ठेवला आणि जे बोललो ते असं.

"निकालपत्राच्या पान ६१ वर आहे की माझ्या मुलाने रजा नाकारली. त्याआधी त्याने मला फोन केला होता. त्याने विचारलं, सोडू का? मी म्हटलं, सोडू नकोस. खटल्यात हे कुठेच आलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. खून त्या माणसाने केला. ते मी कमी करत नाही. पण तुमच्या कागदांत ही ओळ नाही, ती घाला."

दुभाषा नव्हता, माझंच मोडकंतोडकं इंग्रजी. डाव्या बाजूच्या सदस्याने विचारलं, मग आम्ही काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

मी म्हटलं, "माझ्या नावावर त्याला फाशी देऊ नका. आणि माझ्या नावावर त्याला माफही करू नका. मला दोन्ही नको. तुम्हाला जे करायचं ते तुमच्या नावावर करा."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, वडिलांची कोणतीही भूमिका नाही अशी नोंद करते. मला सांगायचं होतं की बाई, हीच भूमिका आहे. पण शब्द जुळायच्या आत त्यांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला.

प्राची आत निघून गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सरोज शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फोन तुम्हालाच केला होता ते. तुम्ही बाल्कनीत उभं राहून मोठ्याने सांगत होतात. मी कपडे वाळत घालत होते."

"मग साडेसहा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही एकटे पडला असतात." तिने माझ्या शर्टाची बाही सारखी केली. "आणि मीही तेव्हा ऐकलंच की. सोड म्हण, असं मी कुठे म्हटलं?"

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. सुधीर जिन्यात भेटला. "काय मग काका, ठणकावून सांगितलंत ना त्यांना?"

"जे खरं ते सांगितलं."

"ते महत्त्वाचं," तो म्हणाला. श्रीखंडाचा डबा दिला. माणूस वाईट नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सरोजला रिक्षात बसवून दिलं. जिना तिला खरंच चढवत नाही, मी बघितलंच नव्हतं. गुडघा धरून एकेक पायरी.

"काही विचारायचंय त्याला?" तिने रिक्षातून विचारलं.

नाही म्हटलं.

१ मे, गुरुवार

आज मीच सरोजला म्हटलं, त्याला एक विचार. ते इंजिन नंतर कोणी जोडलं?

तिने कागदावर लिहून घेतलं. संध्याकाळी येऊन सांगितलं. घटनेनंतर पोलिसांनी इंजिनरूम बंद ठेवली होती. ती उघडल्यावर गोदीतला एक स्थानिक फिटर बोलावला. त्याने आठ दिवसांत काम पुरं केलं. कंपनीच्या माणसाकडून वकिलाला कळलं, वकिलाकडून त्याला.

आठ दिवसांत. बाहेरचा माणूस. म्हणजे बदली माणूस मिळत होता.

"तो आणखी काही म्हणाला?"

"विचारलं, हे कोणी विचारलंय? मी सांगितलं. मग बराच वेळ गप्प होता. त्याची आई ओरडली, अरे मिनिटं जातायत, बोल काहीतरी."

१९ मे, सोमवार

हुकूम निघाला. ईमेल आली. त्या देशाने बेटासकट आपल्या सगळ्या मुलखांतून फाशी रद्द केली. मंडळाचा विरोध नोंदवून घेतला. दोन्ही कैद्यांची शिक्षा जन्मठेप, पंचवीस वर्षं सुटका नाही. सोबत आयोगाचा अहवाल. त्यात आम्हाला एक ओळ: 'एका मृताच्या वडिलांनी कोणतीही भूमिका घेतली नाही.' टेलिफोनबद्दल काही नाही. ती ओळ त्यांनी घातली नाही.

मी रागावेन असं वाटलं होतं. राग येण्याइतकं अंगात काही राहिलेलं नाही. दुपारी दोन तास झोपलो. कित्येक महिन्यांत दुपारी अशी झोप लागली नव्हती.

सुधीरने संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. वर येऊन विचारलं, "फोटो तुम्हाला हवा का काका? चांगला आलाय." घेतला नाही. मग म्हणाला, "हरलो आपण." मी म्हटलं, अरे, दूध आणायला परत पुढच्या फाटकाने जाता येईल. त्याला कळलं नाही.

२९ मे, गुरुवार

काही नाही. टाकीचं काम सुरू झालं.

८ जून, रविवार

सकाळी दहाला बेल वाजली. रखमाबाई. दारात उभ्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. वॉचमनने आज अडवलं नाही. सरोज पुढे झाली, आत घेतलं. पंख्याखाली बसवलं. त्यांनी घर बघितलं नाही, सलिलच्या फोटोकडेही नाही. जमिनीकडे बघत बसल्या. पाणी प्यायल्या.

मला वाटलं आभार मानायला आल्या असतील. नकोसं झालं.

"दादा, ह्यो कागद वाचून द्या. विंग्रजी हाय."

तुरुंगाचा फॉर्म. फाशीच्या कोठडीत असताना एकच फोन नंबर चालायचा. आता प्रीतम बाकीच्या कैद्यांत आलाय, म्हणून दोन नंबर चालतात. दुसऱ्या माणसाचं नाव, पत्ता, नंबर, सही मागितली होती. मी वाचून सांगितलं.

"पंचवीस वरसं म्हंत्यात," रखमाबाई म्हणाल्या. "सात धरली तर आठरा राहिली. मी काय आठरा काढत न्हाई. छातीचं डाक्टर म्हनले, जपा. जपून किती जपायचं? पोरगी सुरतंला हाय, ती त्याचं नाव घिऊ देत न्हाई घरात. मी गेल्यावर त्या पोरानं फोन लावला तर कुनी उचलनारच न्हाई. वाजत राहील." त्यांनी सरोजकडे बघितलं. "दुसरा नंबर तुमचा लिवू का, बाई?"

सरोजने माझ्याकडे बघितलं. असं विचारल्यासारखं तिने आजपर्यंत बघितलं नव्हतं. तिला जे करायचं ते ती करत आली.

मला कोणाची दया आली असं नाही. मी त्या बाईंच्या हातांकडे बघत होतो. बोटांच्या पेरांत पीठ होतं, आजही तीनशे पोळ्या करून आल्या असणार.

"सरोजचा मोबाइल सारखा बंद असतो," मी म्हटलं. "चार्जिंग करायचं राहतं. माझा लिहितो."

पेन घेतलं. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, डोंबिवली पूर्व. नंबर लिहिला, एकेक आकडा सुटा, तिकडच्या माणसाला वाचता यावा म्हणून. पुढचा रकाना कैद्याशी नातं. तिथे पेन थांबलं.

"काका लिवा," रखमाबाई म्हणाल्या. "समदेच लिवत्यात."

"खोटं नको," सरोज म्हणाली.

मी विचार करत होतो. चहा उतू गेल्याचा वास आला, सरोज आत गेली, गॅस बंद करून परत आली. तरी मी तिथेच. शेवटी इंग्रजीत एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि तारीख टाकली.

"काय लिवलं?" रखमाबाईंनी विचारलं.

"ओळखीचे."

त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसताना त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"हां," त्या म्हणाल्या. "तेवढं हाय."